शेखरच्या मापाचं हाड

१२ ऑगस्ट २००५, मुरबाड

शुक्रवार. एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे अख्खी शेड माझ्या एकटीच्या ताब्यात. जनरेटर लावला, खिडक्यांवरचा पिवळा कागद कुठे फाटलेला नाही ना ते पाहिलं आणि कामाला लागले. कागद नसेल तर बाहेरच्या उजेडाने रेझिन, म्हणजे तो राळेसारखा चिकट द्रव, भांड्यातच गोठून बसतं. उजेड लागला की घट्ट व्हायचं एवढंच त्याला येतं. कुठला उजेड कामाचा आणि कुठला बिनकामाचा, हे मलाच बघावं लागतं.

एरवी करमरकर सरांच्या या कारखान्यात आम्ही पुस्तकांच्या कव्हरांना चकाकी आणणारं वार्निश बनवतो. तेही उजेडानेच वाळतं. त्याच शेडच्या कोपऱ्यात सरांनी मला माझं खूळ मांडू दिलं आहे. जुना प्रोजेक्टर, त्याखाली रेझिनचं भांडं, भांड्यात स्क्रूवर वर-खाली होणारी छोटी पाटी. एका थराचं चित्र रेझिनवर पाडायचं, जिथे उजेड पडेल तिथे ते घट्ट होतं. मग स्क्रू फिरवून पाटी केसभर खाली, की पुढचं चित्र. असं थरावर थर चढवत हाडाच्या आकाराचा जाळीदार तुकडा तयार होतो. निदान व्हायला हवा. आज निम्म्यापर्यंत गेले आणि डिझेल संपलं. एमएस्सीला पॉलिमर शिकवतात, डिझेल मोजायला शिकवत नाहीत.

२१ ऑगस्ट, किन्हवली

दोन दिवस घरी. शेखर ओटीवर खाटेवरच आहे. माझा धाकटा भाऊ. शिमग्याच्या आधी सरळगावजवळ ट्रकने त्याच्या जीपला दाबलं, डाव्या नडगीचा चार बोटं तुकडा चुरा होऊन गेला. तेव्हापासून पायाभोवती लोखंडी कड्या आणि आरपार तारा. आई म्हणते, कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा एवढी जाळी नसते. जखम वाहायची थांबत नाही, म्हणून ती संध्याकाळी घरभर धूप फिरवते.

शेखरने आज मला चांगलंच पकडलं. म्हणाला, जे विरघळून जाणार ते बसवायचंच कशाला? मी त्याला आपल्या घराच्या स्लॅबची आठवण करून दिली. सेंटरिंगच्या फळ्या लावतो, स्लॅब धरला की काढतो. फळ्या कायमच्या ठेवल्या तर घरात राहणार कसं? तसंच हे. पेशी तुकड्याच्या भोकांत शिरतात, तिथे नवं हाड धरतं, तोवर रेझिन हळूहळू शरीरातच विरून जातं.

त्याला पटलं. मग त्याने विचारलं, किती दिस लागतील गो? मी सांगितलं, थोडे. त्याने मान हलवली आणि पायाच्या तारा चाचपत बसला. घाई झाली आहे त्याला बिचाऱ्याला.

१७ सप्टेंबर

ठाण्याच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, शेखर, त्याची बायको अनिता आणि मी. डॉक्टर सरळ बोलतात. हाड जुळत नाही, पू आत मुरला आहे. दिवाळीनंतर लगेच गुडघ्याखाली कापू, लवकर कापलं तर जास्त पाय उरेल, तीन-चार महिन्यांत माणूस चालायला लागेल. उशीर केला तर वर वर जावं लागेल.

मी माझ्या तुकड्याबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की हा प्रकार माणसात कुणी बसवला आहे का. नाही, असं म्हणावं लागलं. त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

हुशार माणूस आहे, पण कल्पनाशक्ती शून्य. कापायची करवत सगळ्यांकडे असते. येताना एक्स-रे मी माझ्याकडे घेतला आणि रात्री बसून मधल्या रिकाम्या जागेचं माप काढलं. लांबी, जाडी, दोन्ही टोकांचा तिरकेपणा. आता नुसतं 'हाडाच्या आकाराचं' काही करायचं नाही. शेखरच्या मापाचंच करायचं.

९ ऑक्टोबर, किन्हवली

शेखरचं हल्ली लडकूकडे फार बसणं-उठणं वाढलं आहे. लडकूची भाताची गिरण आहे. त्याचा पाय तरुणपणी रेल्वेखाली गेला, जयपूरचा पाय लावून फिरतो. अनिता शेखरला शेजाऱ्याच्या स्कूटरवर बसवून तिकडे पोचवते आणि दुपारी आणते. पत्ते कुटत असणार दोघं. आज लडकूच घरी आला होता. मी ओटीवर गेले तर पँट वर करून शेखरला पायाचे पट्टे दाखवत होता, आणि मला बघून त्याने पँट झटकन खाली ओढली.

मला नाही आवडलं. आशेवर असलेल्या माणसापुढे असलं काही दाखवू नये. लडकूला चहा दिला, पण दुसरा कप विचारला नाही.

भाऊबीज

आज मी फार मोठं काम केलं.

शेखरला खुर्चीवर बसवलं, पाय स्टुलावर. ओवाळलं. अनिताने माझ्यासाठी आणलेली जांभळी साडी त्याने तबकात ठेवली. मी ती उचलून बाजूला ठेवली आणि म्हटलं, साडी नको, शब्द घाल. माझा तुकडा तयार होईपर्यंत पाय कापायचा नाही.

 शेखरने आधी अनिताकडे पाहिलं, मग आईकडे. आई म्हणाली, बहिणीच्या ताटाला नाय म्हणू नये. आमच्याकडे ओवाळणीत मागितलेलं मोडत नाहीत, मामाने तर एकदा आईला दुभती म्हैस दिली होती. शेखर म्हणाला, "घातला."

अनिता आत गेली ती जेवायलाही बाहेर आली नाही. साडी तिने निवडलेली होती, ती मी बाजूला सारली, राग येणारच. संध्याकाळी ती साडी नेसून तिला दाखवली तरी बोलली नाही. असो. समजूत काढता येईल. कापण्याची तारीख तर पुढे गेली.

१८ नोव्हेंबर, मुरबाड

झाला! पहिला अखंड तुकडा. वीज गेली नाही, डिझेल संपलं नाही, पाटी अडकली नाही. डोळ्यासमोर धरला तर भोकाभोकांतून पलीकडची खिडकी दिसते. करमरकर सरांना फोन केला, ते घरून चपला घालून तसेच आले. बराच वेळ तळहातावर घेऊन उभे होते. मग म्हणाले, "सरिता, धुवायला घाई करू नका."

धुणं म्हणजे आत राहिलेलं कच्चं रेझिन काढून टाकणं. घट्ट न झालेले कण पेशींना विषासारखे. अल्कोहोलात ठेवायचं, बदलायचं, पुन्हा ठेवायचं, मग पुन्हा उजेड द्यायचा, मग मिठाच्या पाण्यात. पूर्ण करायचं तर तीन आठवडे. तीन आठवडे कुणाकडे आहेत? निम्म्यात भागवते. अल्कोहोल दुप्पट घेतलं की झालं.

२९ नोव्हेंबर

मुंबईच्या लॅबमध्ये डॉ. मर्चंट यांना तुकडा देऊन आले. त्या पारशी बाई, साठीच्या, मराठी स्वतःच्या पद्धतीने बोलतात. काचेच्या बशीत पेशी वाढवून त्यावर तुकडा ठेवून बघणार आहेत. त्यांनी विचारलं हे माप कुठल्या प्राण्याचं. मी भावाचं म्हटलं. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. आधी ससा, सरिता, मग बकरी, माणूस मागून, असं म्हणाल्या. मी हो हो केलं.

१९ डिसेंबर

सगळ्या पेशी मेल्या. डॉ. मर्चंट फोनवर म्हणाल्या की एक नाही वाचली.

खूप रडले. मग तोंड धुतलं आणि नवं भांडं भरलं.

८ जानेवारी २००६, किन्हवली

शेखरला ताप. पाय गुडघ्यापर्यंत लाल आणि गरम. तरी मी गेल्यावर उठून बसला. मी त्याला सगळं सांगितलं, आता रेझिनमध्ये काय बदललं, प्रोजेक्टरचा दिवा किती जवळ घेतला. तो ऐकत होता, मधून मधून डोळे मिटत होता. निघताना म्हणाला, "ताय, तू दमलीस गो. एक आठवडा झोप काढ." स्वतः तापात असून माझी काळजी. असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

२७ जानेवारी

दुसराही गेला. या वेळी धुण्याला सहाच दिवस दिले होते. डॉ. मर्चंट म्हणतात अजून वास येतो, तुकडा धुतलाच नाही नीट. करमरकर सरांनी अल्कोहोलचा नवा कॅन माझ्या टेबलाशी आणून ठेवला.

मला दिसतंय काय चुकतं ते. मी काही मूर्ख नाही. पण तीन आठवडे धुवायचं, तीन आठवडे पेशी वाढायची वाट बघायची, मग ससा, आणि तिकडे त्याचा पाय रोज लाल होतो. माझ्या घरची घाई आणि रेझिनचा स्वभाव यांचं जमत नाही.

तरी तिसरा करणार.

१२ फेब्रुवारी, मुरबाड

आज अनिता एकटी आली. एसटीने, पोरांना आईकडे ठेवून. कारखान्याच्या फाटकाशी उभी होती, आत यायला तयार नव्हती. बाहेर पिंपळाखाली दगडावर बसलो. मी वडा मागवला, तिने हातही लावला नाही. मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते, कारण उद्या मी त्याचं काहीतरी माझ्या सोयीचं करीन.

"ताय, त्याचं दिवाळीच्या आधीच ठरलं व्हतं. लडकूभाऊकडं जाऊन पट्टे बी बांधून बघितले. गुडघा राह्यला तं क्लच दाबता येतो, येवढंच त्याला पायजे व्हतं. मग तुमी ओवाळणीत मागितलात. तो तुमच्या हाडाची वाट नाय बघत. तुमी कवा सोडता त्याची वाट बघतोय."

मी म्हटलं, मला सांगितलं का नाही त्याने.

"भाऊबीजेचा शब्द कोन मोडतो? आनि तुमी येता, येवढ्या खुशीत सांगता. तो म्हनतो, तायचं तोंड बघून नाय बोलवत."

काल डॉक्टरांनी सांगितलं आहे की आता आठवडाभरात नाही झालं तर गुडघाही जाईल. ती हे सांगून उठली आणि पदराने तोंड पुसून स्टॅंडकडे चालायला लागली. मी तिला सोडायलाही गेले नाही. 

रागाने आधी वाटलं, बाईला विज्ञान कळत नाही. मग वाटलं, मला भाऊ कळत नाही. हे दुसरं खरं आहे. ते लिहिताना सुद्धा लाज वाटते आहे, पण लिहिते.

१३ फेब्रुवारी, किन्हवली

पहिल्या गाडीने घरी. रस्ताभर काय बोलायचं ते जुळवत होते. "शेखर, तुझा शब्द मी सोडला," एवढं म्हटलं की झालं, असं वाटलं होतं. म्हटलंही. तो म्हणाला, "असं नाय सुटत ताय. ओवाळणी कोन परत घेतं का?" आणि हसला. तापाने ओठ फुटले आहेत त्याचे. आईही म्हणाली, घातलेली ओवाळणी माघारी घेतली तर भावाला अपशकुन.

आता काय करायचं? विज्ञानाची माझी सगळी पुस्तकं इथे कुचकामी. शेवटी मी आत जाऊन तबक काढलं. निरांजन, अक्षता, सुपारी. आई विचारायला लागली, आज कोणती बीज? मी म्हटलं, आज माझी बीज. अनिता चुलीपुढून उठली आणि न सांगता वाती वळून दिल्या.

शेखरला खाटेवरच ओवाळलं. निरांजनातलं तेल सांडलं. म्हटलं, ती ओवाळणी माझी माझ्याकडेच. मला आणखी एक हवी. तो म्हणाला, काय घालू? मी म्हटलं, "आज ठाण्याला चल. पाय काढून घे."

तो वर ओटीच्या कौलांकडे बघत राहिला. मग रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून. आई रडली, मी रडले. अनिता रडली नाही. ती कपडे भरायला गेली. पिशवी तिने कधीच भरून ठेवली होती, फक्त टॉवेल घालायचा राहिला होता.

१६ फेब्रुवारी, ठाणे

झालं. गुडघा वाचला.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टर भेटले. नोव्हेंबरात आला असतात तर आणखी चार बोटं राहिली असती, पट्टा धरायला बरं पडलं असतं, पण हेही चालेल, असं म्हणाले. त्यांनी ते रागाने नाही सांगितलं. नुसती माहिती दिली.

ती चार बोटं माझी. जेवढं हाड मी बनवायला निघाले होते तेवढंच मी घालवलं. हे मी शेखरला सांगितलं. तो अर्धवट झोपेत होता. म्हणाला, "गप गो. आता मोजत नको बसू."

३० मार्च, मुरबाड

महिनाभर शेडच्या कोपऱ्याकडे फिरकले नाही. वार्निश, कव्हरं, पत्रव्यवहार. प्रोजेक्टरवर कुणीतरी गोणपाट टाकलं होतं. आज करमरकर सरांनी विचारलं, तो कोपरा रिकामा करायचा का? त्यांना ड्रम ठेवायला जागा हवी आहे. विचारण्यात आडून काही नव्हतं, सरळ हो-नाही विचारलं.

मी नाही म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की मलाच नवल वाटलं. काम चुकलं नव्हतं. काम मी ज्याच्या गळ्यात बांधलं ते चुकलं होतं. गोणपाट काढलं, भिंगावरची धूळ पुसली. सरांनी ड्रम बाहेर पत्र्याखाली ठेवले.

२ मे

पिवळे कागद नवे लावले. अल्कोहोल रोज बदलते आहे. कुठलीही घाई नाही हे हाताला शिकवावं लागतं. हात जुन्या सवयीने झाकण उघडायला जातो.

भारनियमन वाढलं आहे, रोज जनरेटर परवडत नाही, त्यामुळे एक तुकडा तीन टप्प्यांत करावा लागतो. थर मध्येच थांबला की तिथे रेघ पडते आणि जोड कच्चा राहतो. म्हणून आता वीज यायच्या वेळेनुसार मी झोपते आणि उठते. शेखरला जयपूरचा पाय मिळाला. लडकू स्वतः गेला होता त्याच्याबरोबर. आई सांगते की अंगणात दोघं जण पायांवरून एकमेकांची टिंगल करत असतात.

लडकूच्या घरी जाऊन आले. चहा दोनदा घेतला.

२४ ऑगस्ट

पेशी जगल्या.

डॉ. मर्चंट यांचा फोन आला तेव्हा मी वार्निशच्या ड्रमवर चढले होते. त्या म्हणाल्या, वाढते आहे, सरिता, भोकात आत आत जाते आहे. मी ड्रमवरच बसले. सरांना सांगितलं, त्यांनी सगळ्या कामगारांना पेढे आणले आणि कुणालाही नीट कळलं नाही कशाचे.

मग घरी फोन करायचा होता. बूथवर जाऊन उभी राहिले आणि नंबर फिरवेना. आता ही बातमी शेखरला कुठल्या तोंडाने सांगायची? सहा महिने उशिरा आलेली. तशीच परत आले.

दसरा, २००६, मुरबाड

कारखान्यात मशिनांची पूजा. सगळ्यांना झेंडू, माझ्या प्रोजेक्टरलाही. दुपारी फाटकाशी जीप थांबली. शेखर चालवत होता. शेजारी अनिता, तिने सरळगावपासून डोळे मिटून घेतले होते म्हणे. तो उतरला, जरा झुलत चालत आला, आणि सोनं द्यायच्या आधी म्हणाला की मशीन बघायला आलो, दीड वरस नुसतं ऐकतोय.

मी दाखवलं. आणि मग पेशींचंही सांगून टाकलं, भिंतीकडे बघत.  फळीवर तुकडे ओळीने ठेवले होते, बिघडलेले, जोड दिलेले, चांगले. तो एकेक उचलून बघायला लागला.

"सगळे एकाच मापाचे हायत?"

मी हो म्हटलं.

"दोन्ही टोकांना तिरके?"

 ठाण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही मी तेच चित्र वापरत होते. दुसरं काढायचं मला सुचलंच नव्हतं, किंवा सुचू दिलं नव्हतं, काय ते कळत नाही. शेखरने एक तुकडा उचलून नव्या पायाच्या पँटवर, नडगीच्या जागी धरला. आत टक् वाजलं. अनिता त्याच्या हाताला धरून उभी होती. तिने मान दुसरीकडे वळवली.

"ताय," तो म्हणाला, "माझं झालं. आता दुसऱ्याच्या मापाचं कर."

तुकडा त्याने फळीवर परत ठेवला, ओळीत नीट सरकवला, आणि आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं. मग तिघांनी बसून श्रीखंड-पुरी खाल्ली. जाताना अनिताने मला मिठी मारली. आमच्याकडे नणंद-भावजया मिठ्या मारत नाहीत, त्यामुळे दोघींनाही कुठे हात ठेवायचे ते कळलं नाही.

४ ऑक्टोबर

सकाळी कॉम्प्युटरमधून जुनं चित्र काढून टाकलं. सगळे थर एकदम. पुसू का असं त्याने विचारलं, हो म्हटलं.

मग डॉ. मर्चंट यांना फोन लावला आणि सशाच्या मांडीच्या हाडात बसेल अशा तुकड्याचं माप मागितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. माप त्यांच्याजवळ तयारच होतं, त्यांनी वाचून दाखवलं, मी लिहून घेतलं. करंगळीच्या नखाएवढं. एवढ्यात भोकं पाडायची म्हणजे प्रोजेक्टरला आणखी एक भिंग लागेल आणि थर निम्म्याने पातळ करावे लागतील. वीज साडेअकराला येते. तोवर चित्र काढून होईल.